भुकेला पारा

आमच्या घरात अपशकुन हा शब्द काढायची सोय नव्हती. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक गावच्या विहिरीत सोडून दिले आणि उरलेली साफसफाई वडिलांनी केली. मांजर आडवं गेलं की ते मुद्दाम त्याच्या मागून चालत जायचे. नवी चप्पल अमावास्येला पायात घालायचे. विहारात बोलायला उभे राहिले की अंगारे, धुपारे, लिंबू-मिरची, सगळ्यांची सालटी काढायचे आणि पुढे बसलेल्या बायका पदरात तोंड लपवून हसायच्या, कारण त्यातल्या निम्म्यांच्या दाराला लिंबू-मिरची असायची. त्यामुळे आईच्या गळ्यातली सोन्याची वाटी पांढरी पडायला लागली, तेव्हा तिने ते कोणालाच सांगितलं नाही. भीती वाटत होती, पण आमच्या घरात त्या भीतीला नावच नव्हतं.

मी केडगावला राहते, ब्लाऊज शिवते. माझी जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते असं माझ्या गिऱ्हाईक बायका म्हणतात आणि तरीही येतात. आईवडील राहायचे नागापूरला, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, दोन खोल्या, पुढे अंगण आणि अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड. रविवारी मी त्यांच्याकडे जायचे. नवरा म्हणायचा, तू भेटायला जातेस की तपासणीला? मी म्हणायचे, दोन्हीला.

वडील टर्नर होते. आयुष्यभर लेथ मशीनवर दुसऱ्यांचं लोखंड कातलं. त्यांच्या अंगठ्याच्या कातडीत लोखंडाचा बारीक कण रुतलेला होता, तो कधी निघाला नाही. रिटायर झाले आणि त्या हातांना काही उद्योग राहिला नाही. पहिले काही महिने त्यांनी घरातल्या सगळ्या कड्या, बिजागऱ्या, नळ दुरुस्त केले. मग दुरुस्त झालेले पुन्हा दुरुस्त केले. मग ते रोज सकाळी टपरीवर चहाला जायला लागले आणि तिथे त्यांना तो माणूस भेटला.

तो माणूस मी कधी पाहिला नाही. पुढे टपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, असा कोणी आठवत नाही. टपरीवर दिवसभर माणसांचा राबता, त्याला तरी कसं आठवणार म्हणा. पण वडिलांच्या सांगण्यावरून तो म्हातारा होता, बोलताना हात बगलेत दाबून बसायचा आणि त्याने वडिलांना एकच गोष्ट सांगितली होती. जुन्या काळी एक बौद्ध आचार्य होऊन गेला, तो पाऱ्याला बांधायचा, म्हणजे घट्ट करायचा, आणि त्या बांधलेल्या पाऱ्याने हलक्या धातूचं सोनं करायचा. काही महिन्यांनी तो म्हातारा यायचा बंद झाला, पण सांगायचं ते सांगून गेला होता.

कोणी बाबा-बुवा सोन्याचं आमिष घेऊन आला असता तर वडिलांनी त्याला टपरीवरून हाकलला असता. पण हे तसं नव्हतं. यात मंत्र नव्हता, देव नव्हता, धातू होता. आणि धातूत त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. शिवाय ते आपलं होतं. मला त्यांनी एकदाच समजावून सांगितलं, "ही आपली इद्या हुती. आपल्याच मानसाची. मानूस मागं पडला तशी इद्या बी मातीत गेली. मला सोनं नगं बाई. एकदा हुतंय का एवढंच बघायचं हाय." मी म्हणाले, दादा, होत असेल तर पहिलं पाटल्यांचं बघा, आईचे हात कधीपासून मोकळे आहेत. ते हसले नाहीत. एरवी माझ्या टोमण्यांना सगळ्यात मोठ्याने तेच हसायचे.

शेडमध्ये त्यांनी भट्टी मांडली. बाजारातून हिंगूळ आणायचे, लाल भडक दगडासारखा, आणि तो दगडी खलात लिंबाच्या रसात दिवसभर खलत बसायचे. मग दोन मडकी तोंडाला तोंड लावून मातीने लिंपायची आणि खालून जाळ द्यायचा. गार झाल्यावर वरचं मडकं उघडलं की त्याच्या आतल्या अंगाला पाऱ्याचे थेंब लागलेले असायचे. पहिल्यांदा त्यांनी मला बोलावून दाखवलं तेव्हा मीसुद्धा टोमणा मारायचं विसरले, खोटं कशाला बोलू. लाल दगडातून ते पांढरं पाणी निघालं होतं. परातीत ओतलं की थेंब एकमेकांकडे धावायचे आणि एक व्हायचे. वडील त्याला बोटाने डिवचत म्हणाले की हा जित्ता आहे, फक्त अजून भुकेला नाही. भूक लागली की तो सोनं खातो. खाऊनही त्याचं वजन वाढत नाही. मग ओळखायचं की तो तयार झाला.

मी परातीत वाकून पाहिलं तर माझं तोंड त्यात इवलंसं दिसत होतं. वडिलांनी परात हलवली आणि माझ्या तोंडाचे तुकडे होऊन ते परातभर पळाले. त्यानंतर मी शेडमध्ये पाय ठेवला नाही.

मग वडील बदलायला लागले. आधी त्यांचं बोलणं कमी झालं. मग हिरड्या काळसर दिसायला लागल्या, तोंडात सारखी लाळ यायची, ते रुमालाने टिपायचे. आणि ते लाजायला लागले. लाजायला म्हणजे काय सांगू, भरल्या सभेत उभा राहून बोलणारा माणूस सिलिंडरवाला आला की दाराआड जायला लागला. एका रविवारी मी गेले तर आई आत भांडी घासत होती, वडील बाहेर गेले असतील असं म्हणाली. मी पंख्याखाली बसले, पाणी प्यायले, मोबाईल बघितला. पण मानेवर कोणीतरी बघत असल्यासारखं वाटत राहिलं. उठून पाहिलं तर कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत वडील उभे होते. तोंड भिंतीकडे करून. मी आल्यापासून ते तिथेच उभे होते, मी जाण्याची वाट बघत. मी, त्यांची मुलगी. मी हाक मारली तर त्यांनी भिंतीकडेच तोंड ठेवून सांगितलं, "हाय मी. तू बस." मी बसले आणि बसल्या बसल्या रडले. मला त्या दिवशी माझ्या बापाची भीती वाटली.

त्याच सुमारास त्यांचा पारा बांधला गेला. बोराएवढी गोळी, काळपट चंदेरी, हातात घेतली तर आकाराच्या मानाने फारच जड. हे मला आईकडून नाही, नंतर त्यांच्याकडूनच कळलं, कारण ते दोघं तोपर्यंत एकमेकांशी बोलायचेच बंद झाले होते. भांडण नव्हतं. आईने विचारायचं सोडलं आणि वडिलांनी सांगायचं. जेवायला वाढते, एवढंच काय ते घरात ऐकू यायचं. आणि मग ती गोळी नाहीशी झाली.

काय हरवलंय ते वडिलांनी सांगितलं नाही. नुसते शोधत राहिले. शेडमधली राख चाळली, अंगणातली माती चाळली, उंबऱ्यापाशी बसून फरशीवरून तळहात फिरवत राहिले. आईला एकदा एवढंच विचारलं की घरात कोणी आलं होतं का. ती म्हणाली, कोण येणार आता आपल्याकडे? अखेर मी त्यांना कोपऱ्यात गाठलं तेव्हा ते खाली बघत पुटपुटले की तयार झालेली गोळी एका जागी राहत नाही, म्हातारा तसं बोलला होता. तिला पाय फुटतात. "ती गेली न्हाई कुठं. हितंच हिंडतीय." आणि शेडचं दार ते उघडं ठेवायला लागले, तिला परत यायचं असेल तर म्हणून.

घरात आल्यावर मीही खाली बघत चालायला लागले. कुठे काही घरंगळल्याचा आवाज आला की आम्ही तिघंही एकदम थांबायचो.

आईच्या वाटीचं मी पाहिलं ते असंच, अचानक. तिचं डोरलं जुन्या पद्धतीचं, काळ्या मण्यांत दोन सोन्याच्या वाट्या. एक माहेरची, एक सासरची. ती मला वाढायला वाकली आणि पदरातून डोरलं पुढे आलं. सासरची वाटी पांढरी होती. मळलेली नाही, घासलेली नाही, चांदीसारखी पांढरी. मी हात पुढे केला तर आईने झटकन पदर ओढला. मी कधी आईवर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. तेव्हा ती हळूच बोलली की बरेच दिवस झाले, आधी कडेला होतं, मग वर चढलं. चिंचेने घासून पाहिलं, राखेने घासून पाहिलं, जात नाही. सासरच्या बाजूची वाटी कोणासाठी असते ते तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्हा दोघींनाही माहीत होतं.

तेवढ्यात वडील मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी वाटी पाहिली. कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडावर असा आनंद मी पाहिला नव्हता. ते आईजवळ आले, ती वाटी दोन बोटांत धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ. भूक लागली तिला." आई तशीच उभी होती, मान खाली घालून, आणि तिच्या गळ्यातलं सोनं कोणीतरी खातंय म्हणून माझा बाप खूश झाला होता.

मी तिला केडगावला चल म्हणाले. ती यायला तयार नव्हती. तिची तब्येत मला दिसत होती. झोप लागत नव्हती, डोकं दुखायचं, हात थरथरायचे. माझ्या आईची भाकरी म्हणजे कंपासने काढल्यासारखी. ती आता कडेला फाटायला लागली होती आणि तव्यावर टाकताना दुमडायची. डॉक्टर म्हणाले वय झालं, ताकदीच्या गोळ्या घ्या. मला ते वय वाटत नव्हतं. त्या घरात काहीतरी होतं आणि ते तिला आतून पोखरत होतं, एवढं मला कळत होतं. आणि ती दोघं आपापल्या जागी घट्ट बसली होती. ते सोडत नव्हते, कारण पांढरी वाटी म्हणजे त्यांचं यश. ती सोडत नव्हती, कारण पांढरी वाटी म्हणजे त्यांचं मरण, आणि अशा वेळी नवऱ्याला एकटं टाकून ती कशी येणार? मी मधे उभी राहून दोघांवर ओरडत होते. माझ्या ओरडण्याची आता दोघांनाही सवय झाली होती.

शेवटी डोरल्याचा दोरा कच्चा झालाय असा बहाणा करून मी तिला भिंगारच्या जुन्या बाजारात नेलं, तिच्या लग्नातलं डोरलं घडवलं त्याच सोनाराकडे. आता तिथे मुलगा बसतो, तोही म्हातारा होत आलेला. गळा मोकळा नको म्हणून आईने आधी काळा दोरा बांधला आणि मग डोरलं काढून दिलं. त्याने वाटी नखाने खरवडली, उजेडात धरली आणि विचारलं, "मावशी, घरात थर्मामीटर फुटला का? सोनं जाग्यावर हाय, वर पारा चढलाय." मग आम्हाला दुकानाबाहेर उभं केलं. म्हणाला, तापवल्यावर पाऱ्याची वाफ निघते, ती वाईट, मी पण तोंड बाजूला करून करतो. आम्ही बाहेर उभ्या राहिलो. थोड्या वेळाने त्याने वाटी आणून आईच्या हातावर ठेवली, पिवळीधमक.

आई दुकानाच्या पायरीवरच बसली आणि तिने सोनाराला विचारलं, "म्हंजी आता त्यान्ला काई व्हनार न्हाई ना?" त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही, तो म्हणाला, कोणाला? मी रिक्षात तिला सगळं पुन्हा सांगितलं. शेडमधला पारा हवेतून घरात येतोय, त्याने वाटी पांढरी झाली, त्यानेच तुझे हात थरथरतात, त्यानेच दादा असे झाले. सोनारानेच कान टोचलेले बरे म्हणतात ते खरं, तिने यावेळी ऐकलं. पण त्यातून तिने स्वतःपुरतं एकच उचललं. नवरा जगणार.

घरी आलो तर वडील अंगणातच होते. त्यांची नजर आधी आईच्या गळ्याकडे गेली. हल्ली ती तिथेच जायची. ते जागीच थांबले आणि कधी झाली म्हणून विचारलं. मी तोंड उघडलं तोच आईने माझं मनगट धरलं. तिचा हात माझ्या मनगटावर थरथरत होता. आयुष्यात कधी दुधात पाणी घातलं नाही अशी माझी आई म्हणाली, "आपोआप झाली. तोंड धुताना बघितलं तर पिवळी."

वडील खाली बसले. रुमाल तोंडावर धरून ते किती तरी वेळ रडत होते. आई मला आत घेऊन गेली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली की त्यांना वाटू दे जमलं. एकदा जमलं की ते थांबतील. मला ते पटलं, हे जास्त वाईट.

आणि ते थांबलेही. शेडला त्यांनी कुलूप घातलं. खल आणि मडकी स्वतः नेऊन लांब टाकली. दाढी केली. पौर्णिमेला विहारात गेले, बोलले नाहीत, मागे बसून आले, पण गेले. जेवताना आई वाढायची आणि ते तिच्या गळ्यातल्या वाटीकडे बघत जेवायचे. मला वाटलं, सुटलो. मी दर रविवारऐवजी एकाआड एक रविवार जायला लागले.

मग दुसरी वाटी पांढरी पडायला लागली.

आता मात्र मला भीती वाटली, आणि ही भीती कोणाच्या वेडाची नव्हती, माझी स्वतःची होती. शेड बंद होती. जाळ विझला होता. खल गेला, मडकी गेली, हिंगूळ गेला. आणि तरी त्या दोन खोल्यांत काहीतरी होतं आणि ते खात होतं. मी दिवसाउजेडी खोलीत उभी राहून भिंतींकडे बघायचे. ही माहेरची वाटी, म्हणून आई जामखेडला भावाला रोज फोन करून खोकला आहे का विचारायची. मामा वैतागून मला म्हणाला, तुझ्या आईला काय झालंय, मी मेल्याची बातमी ऐकायची आहे का तिला? तिच्या हाताची थरथर आता चहाच्या कपातही दिसायची.

वडिलांनी मला अंगणात बोलावलं. ते कित्येक दिवसांनी माझ्या डोळ्यांकडे बघून बोलले. गोळी घरातच आहे, ती सोनं खाते आणि परत देते, हे तू पाहिलंच आहेस, असं ते म्हणाले. धातूवर प्रयोग झाला. म्हातारा म्हणाला होता की धातूनंतर देह. तशी गोळी दुधात उकळून ते दूध प्यायलं की म्हातारा देहसुद्धा नवा होतो. "मला न्हाई घ्यायची. हिचं हात थरथरत्यात. मी काय आंधळा हाय का? ती घावली की पयली हिलाच." इतके दिवस मी समजत होते की या माणसाला आईचे हात दिसतच नाहीत. त्यांना दिसत होते. त्यांना त्याचा उपाय करायचा होता.

त्या दिवशी मी ठरवलं की ती गोळी त्यांच्या आधी मला सापडली पाहिजे. घर धुंडाळण्यात अर्थ नव्हता, ते त्यांनी बोटाबोटाने धुंडाळलं होतं. वाटी पांढरी होते म्हणजे ती कुठेतरी त्या गोळीला लागते, म्हणून मी आईच्या मागे मागे फिरले. सकाळपासून ती कुठे वाकते, डोरलं कुठे लागतं, एवढंच बघत. झाडताना पदर खोचलेला असायचा. धुण्याला डोरलं आत असायचं. मग ती दळणाला ज्वारी काढायला गेली. मामाच्या शेतातली ज्वारी दरवर्षी वर्षाची एकदम यायची आणि पत्र्याच्या कोठीत भरलेली असायची. कोठी तिच्या छातीएवढी, आणि ज्वारी आता खाली गेलेली. ती कमरेपर्यंत आत वाकली. डोरलं तिच्या तोंडाच्या पुढे लोंबलं आणि दाण्यांत बुडालं.

मी तिला बाजूला केलं आणि हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून आत घातला. कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याखाली एक पांढरी पुरचुंडी होती, फाटलेली. त्यात गोळी. अर्धी ठिसूळ झालेली, आणि तिच्याभोवती दाण्यादाण्यांमध्ये बारीक चमकणारे थेंब. मी कोठी हलवली तर ते खाली पळाले.

आई साधेपणाने म्हणाली, "ती व्हय? ती दान्याची गोळी हाय."

आमच्याकडे धान्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकतात, किडा लागू नये म्हणून. दुकानात मिळतात, आईही टाकायची. वडिलांनी आपली गोळी ऊब राहावी म्हणून फडक्यात बांधून शेगडीवरच्या फळीवर ठेवली होती. आईला वाटलं, चला, एवढ्या दिवसांत या माणसाने घरासाठी काहीतरी कामाचं आणलं. त्याच दिवशी ज्वारी आली होती. तिने ती कडुनिंबाच्या पाल्यासकट कोठीत घातली. ते काय शोधतात हे तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण या कळशातलं ती दोघं रोज खात होती. मला सोनाराचं बोलणं आठवलं, तापल्यावर वाफ निघते. रोज दोन वेळा ती ज्वारी तव्यावर तापत होती आणि तव्यावर आईचं तोंड होतं.

वडील कधी आत आले कळलं नाही. त्यांनी पिशवीतून गोळी काढून घेतली, तळहातावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले, परत आलेल्या लेकराकडे बघावं तसं. मग त्यांनी आईला दूध तापवायला सांगितलं. आई भिंतीला टेकली आणि तिने सगळं सांगून टाकलं, भिंगार, सोनार, भट्टी, आपण खोटं बोललो ते. वडील शांतपणे म्हणाले की तू भ्यायलीस म्हणून असं बोलतेस. मग माझ्याकडे वळले. मी म्हणाले, दादा, ती खरं सांगतेय. ती वाटी सोनाराने तापवली. कोणीही तापवली तरी पिवळी होते.

"करून दाखव," ते म्हणाले. आणि त्या दोन शब्दांत कितीतरी महिन्यांनी मला माझा बाप ऐकू आला, मापाला लावून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा.

अंगणात शेगडी पेटवली. आईला मी लांब, फाटकापाशी बसवलं, आणि वाऱ्याकडे पाठ करून आम्ही उभे राहिलो. आईने काळा दोरा बांधून डोरलं काढून दिलं. वडिलांनी माहेरची वाटी ओवणीतून सोडवली, चिमट्यात धरली आणि निखाऱ्यावर नेली. मी मागून त्यांचा खांदा ओढून तोंड बाजूला करत होते. त्यांचा हात हलत होता, पण चिमट्याची पकड सुटली नाही. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कडेला पिवळी रेघ उमटली. ती सरकत गेली, वाटीच्या पोटात उतरली, आणि बघता बघता पांढरा धातू सोन्याचा झाला. ज्याच्यासाठी ते इतके दिवस जळत राहिले, ते त्यांच्याच हातात, त्यांच्याच जाळावर, भर उन्हात झालं होतं.

"एवढंच?" ते म्हणाले.

त्यांनी वाटी पाण्यात बुडवली, अंगठ्याने पुसली. गोळी त्यांनी स्वतःच बरणीत टाकून झाकण लावलं. मग ते फाटकापाशी गेले आणि आईसमोर खाली बसले. तिचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातात घेतले. इतक्या महिन्यांत मी त्यांना तिला हात लावताना पाहिलं नव्हतं. दोघांचेही हात थरथरत होते आणि कोणाचे कोणाला हलवतायत ते कळत नव्हतं. ते बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी मला विचारलं, मला सगळं माहीत असतं म्हणून:

"सोन्यातला निगाला. हिच्यात गेलाय तो कसा काढायचा? हिला तर इस्तवावर धरता येत न्हाई."